भूकंप, पाप आणि प्रामाण्य

विज्ञान आणि धर्म या सत्याकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा आहेत, दोन्हीकडचे ज्ञान आपापल्या क्षेत्रात सारखेच विश्वसनीय आहे, तेव्हा उगाच वाद कशाला, असा समेटाचा सूर अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. धार्मिक व्यासपीठांवरून तो ऐकू येतो यात नवल नाही. पण आपल्या अभ्यासशिबिरांतही चर्चा अडचणीच्या वळणावर आली की कोणीतरी हाच तोडगा पुढे करतो आणि सर्वांना हायसे वाटते. कोणाचे मन दुखवले जात नाही, गावात काम करताना अडथळा येत नाही आणि आपण सहिष्णू असल्याचे समाधानही पदरी पडते. हा तोडगा सोयीचा आहे याबद्दल दुमत नाही. तो खरा आहे का, एवढाच प्रश्न येथे तपासावयाचा आहे.

प्रथम प्रश्नाची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. ईश्वर आहे की नाही, हा येथील प्रश्न नव्हे. श्रद्धाळू माणूस चांगला की वाईट, हाही नव्हे. साने गुरुजींचा वारसा सांगणाऱ्या चळवळीला श्रद्धाळू माणसाच्या चांगुलपणाची साक्ष बाहेरून आणण्याची गरज नाही. धर्म या शब्दात आचार, उत्सव, काव्य, समूहभावना, नीती असे बरेच काही सामावलेले असते. त्यांतील एकाच अंगाचा आपण विचार करणार आहोत. ईश्वर, त्याची इच्छा, त्याने जगाला लावलेले नियम आणि मरणोत्तर गती यांविषयी ‘आम्हांला ठाऊक आहे’ असा दावा करणारी जी पद्धतशीर विद्या सर्व मोठ्या धर्मांत निर्माण झाली, तिला ईश्वरविद्या म्हणू. धर्मशास्त्र हा शब्द आपल्याकडे स्मृती आणि व्यवहारनियम यांना रूढ असल्याने तो टाळलेला बरा. या ईश्वरविद्येला विश्वसनीय ज्ञानाचा दावा करता येतो का, आणि विज्ञानाला तो कोणत्या अर्थाने करता येतो, हा आपला प्रश्न आहे.

असे प्रश्न हवेत सोडवता येत नाहीत. त्यासाठी एक प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. तो आपल्याच इतिहासातला आहे आणि त्यातील दोन्ही बाजूंची माणसे आपल्याला वंदनीय आहेत.

एक भूकंप, अनेक पापे

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी उत्तर बिहार आणि नेपाळ भीषण भूकंपाने हादरले. मुंगेर शहर उद्ध्वस्त झाले, मुजफ्फरपूर आणि दरभंगा या भागांत मैलोन्‌मैल जमीन खचली, भेगांतून वाळू आणि पाणी उसळून शेते बुडाली. बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे मेली. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर दौरा करीत होते. २४ जानेवारीला तिरुनेलवेली येथील सभेत त्यांनी सांगितले की, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने आपल्याला केलेले शासन आहे. पुढे ‘हरिजन’मधून त्यांनी याचाच पुनरुच्चार केला.

अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात रवींद्रनाथ ठाकूर गांधीजींच्या पूर्णपणे बरोबर होते. तरीही त्यांनी या विधानाला जाहीर विरोध केला. त्यांचे निवेदन गांधीजींनी १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्ये छापले आणि सोबत आपले उत्तरही दिले. मतभेद असा उघड मांडणारी आणि विरोधकाला आपल्याच पत्रात जागा देणारी ती पिढी होती, हे येथे जाता जाता नमूद केले पाहिजे.

रवींद्रनाथांच्या म्हणण्याचा गाभा असा होता. भौतिक उत्पाताची कारणे भौतिकच असतात; सृष्टीच्या नियमांची सांगड माणसाच्या नैतिक वर्तनाशी घालू लागलो तर असे म्हणावे लागेल की ईश्वराची न्यायबुद्धी सामान्य माणसाहूनही हिणकस आहे, कारण या शिक्षेत निरपराध मुले आणि स्वतः अस्पृश्यही भरडले गेले. याहून मर्मभेदी मुद्दा पुढेच होता. हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या मनोवृत्तीला अधिक मानवणारा आहे, असे रवींद्रनाथांनी बजावले. भूकंपाचे खापर सनातन्यांनी महात्माजी आणि त्यांच्या अनुयायांच्याच डोक्यावर फोडले असते तर आपल्याला नवल वाटले नसते, असे त्यांनी म्हटले.

जवाहरलाल नेहरूंनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या विधानाने आपल्याला धक्का बसल्याचे लिहिले आहे. त्यांनी मांडलेली अडचण समाजवाद्यांना विशेष पटावी अशी आहे. शिक्षा झाली हे मान्य केले, तरी ती कोणत्या पापाची हे ठरवायचे कसे? आपली पापे थोडी का आहेत? परकीय सत्तेपुढे मान तुकवल्याची ती शिक्षा असू शकेल. अन्याय्य समाजव्यवस्था निमूट सोसल्याचीही असू शकेल. अफाट जमिनींचे मालक असलेल्या दरभंग्याच्या महाराजांचे भूकंपात मोठे आर्थिक नुकसान झाले होते. तेव्हा हा कोप जमीनदारीवर झाला असेही म्हणता येईल! ज्या पाटण्यात भूकंपानंतर चारच महिन्यांनी, मे १९३४ मध्ये, आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसमधील समाजवादी एकत्र आले, तेथे जमीनदारीच्या पापाचा निवाडा भूकंपावर सोपवण्याचा विचार कोणाला शिवला नाही, हे चांगलेच झाले. जमीनदारीविरुद्धचा खटला त्यांनी खंडाचे आकडे, कर्जाचे व्याज आणि कुळांची उपासमार यांच्या पुराव्यावर उभा केला.

गांधीजींचे उत्तर प्रामाणिक होते आणि म्हणूनच ते उद्बोधक आहे. अस्पृश्यता आणि भूकंप यांचा संबंध आपल्याला सिद्ध करता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. ईश्वराचे नियम आपल्याला पूर्णपणे कळत नाहीत. आपली ही श्रद्धा आतून आलेली आहे. आणि ती निराधार ठरली तरीही तिने आपले व आपल्याबरोबर श्रद्धा ठेवणाऱ्यांचे भलेच होईल, कारण आत्मशुद्धीच्या प्रयत्नाला ती जोर देईल, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ‘हे खरे आहे’ या विधानाची जागा शेवटी ‘हे हितकर आहे’ या विधानाने घेतली. ज्ञानाचा दावा येथे स्वतः दावेदारानेच मागे घेतला आहे. ईश्वरविद्येची अडचण यापेक्षा स्पष्टपणे तिच्या विरोधकालाही मांडता आली नसती.

या प्रकरणातून निघणारी कसोटी सरळ आहे. एकाच घटनेवरून गांधीजींना एक अर्थ काढता येतो, सनातन्यांना त्याच्या नेमका उलट अर्थ काढता येतो, आणि या दोहोंपैकी चूक कोण हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्या विद्येजवळ नाही. ज्या पद्धतीने परस्परविरोधी निष्कर्ष सारख्याच सहजतेने काढता येतात, तिने काढलेला एखादा निष्कर्ष योगायोगाने खरा असेलही. पण त्याला विश्वसनीय ज्ञान म्हणता येणार नाही. ‘विश्वसनीय’ हा गुण निष्कर्षाचा नसून तो काढण्याच्या रीतीचा असतो. चूक झाली तर ती उघडकीस येईल, अशी सोय त्या रीतीत आहे का, हे पाहावे लागते.

हा वाद परका नव्हे

ही कसोटी पाश्चात्त्यांची असून ती आपल्या परंपरेवर लादली जात आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपली परंपरा वाचलेली नसते. ज्ञानाचे प्रामाण्य कशावरून ठरते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके जितका कीस काढला तितका क्वचितच कोणी काढला असेल.

चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण मानले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु वैदिक परंपरेतही एकमत नव्हते. नैयायिकांचे म्हणणे असे की, कोणतेही ज्ञान आपोआप प्रमाण ठरत नाही. ते व्यवहारात फळाला आले तर प्रमाण. दूर दिसणारे पाणी खरे की मृगजळ, हे तहान भागते की नाही यावरून कळते. विज्ञानाची कसोटी याहून फारशी वेगळी नाही. मात्र वेदांच्या प्रामाण्याचा प्रश्न आला तेव्हा न्यायसूत्रांनी आयुर्वेदाचा दाखला दिला. औषधाचा गुण येतो, त्यावरून ते सांगणारा विश्वासार्ह म्हणजे आप्त ठरतो. मग त्याच आप्ताने स्वर्गाविषयी सांगितलेलेही प्रमाण मानावे, असा तो युक्तिवाद आहे.

अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला या युक्तिवादात एक ओळखीचा व्यवहार दिसतो. लहान रकमेची उधारी वेळच्या वेळी चुकती करून पत निर्माण करावयाची आणि त्या पतीवर अशी मोठी रक्कम उचलावयाची की जिच्या परतफेडीची तारीख कर्ज देणाऱ्याच्या मृत्यूनंतरची असेल! तपासता येणाऱ्या बाबतीत मिळवलेला विश्वास तपासता न येणाऱ्या बाबतीत वापरता येत नाही. ज्वराचे औषध जाणणारा वैद्य परलोकाचा जाणकार होत नाही, तसाच अणूचा जाणकार भौतिकीतज्ज्ञही होत नाही. तो ईश्वराच्या बाजूने बोलो की विरुद्ध, त्याचे नोबेल पारितोषिक तेथे पुरावा ठरत नाही.

मीमांसकांची भूमिका याहून चतुर होती. वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही. आणि कर्ता नसल्यामुळे कर्त्याच्या अज्ञानाचे किंवा लबाडीचे दोष त्यांत संभवत नाहीत, असे ते म्हणत. मात्र कोणी पुरुष सर्वज्ञ आहे, हा बौद्ध आणि जैन यांचा दावा खोडताना कुमारिलभट्टाने जो प्रश्न केला तो बिनतोड आहे. अमुक एक जण सर्वज्ञ आहे हे ठरवायला ठरवणाराही सर्वज्ञ असावा लागेल! मीमांसकांच्या नावावर असलेला दुसरा प्रश्न असा, की बुद्ध आणि कपिल दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यात मतभेद का? हेच प्रश्न वेदालाही लागू पडतात आणि कुराणाला व बायबललाही. रामानुजाचार्यांनी तर ईश्वर अनुमानाने सिद्ध होऊ शकत नाही, तो केवळ शास्त्रावरूनच कळतो, असे श्रीभाष्यात सविस्तर दाखवले. याउलट उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथच ईश्वराच्या सिद्धीसाठी लिहिला. म्हणजे ईश्वर कोणत्या मार्गाने कळतो, यावरही ईश्वरवाद्यांचे एकमत झालेले नाही.

शंकराचार्यांनी मात्र गीताभाष्यात एक महत्त्वाची कबुली दिली आहे. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण होत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. प्रत्यक्षाच्या क्षेत्रात श्रुतीची सत्ता नाही, हे सर्वांत मोठ्या वेदान्त्याने मान्य केले असताना, वेदांत विमाने शोधणाऱ्यांनी कोणाचा वारसा सांगावा?

युरोपातही गोष्ट निराळी नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ईश्वरविद्या हे शास्त्रच आहे असा निर्वाळा दिला. जसे प्रकाशशास्त्र आपली मूलतत्त्वे भूमितीकडून घेते, तशी ईश्वरविद्या आपली मूलतत्त्वे ईश्वराच्या ज्ञानाकडून घेते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. फरक एवढाच की, भूमितीचे सिद्धान्त कोणालाही कागदावर ताडून पाहता येतात.

विज्ञान चुकते, हाच त्याचा दाखला

येथे दुसऱ्या बाजूने एक रास्त प्रश्न विचारला जातो. विज्ञान तरी कोठे अचूक आहे? कालचे सिद्धान्त आज खोटे ठरतात. मग त्याला विश्वसनीय का म्हणावयाचे?

भूकंपाचेच उदाहरण पुढे नेऊ. १९३४ साली भूकंपाचे मूळ कारण शास्त्रज्ञांनाही नीट ठाऊक नव्हते. खंडे सरकतात हा विचार आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली मांडला होता. पण बहुतेक भूशास्त्रज्ञांनी तो उडवून लावला होता. त्या नकारात पुराव्याच्या अभावाइतकाच अहंकाराचाही वाटा होता. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाचे अधिकारी बिहारात हिंडले, कोठे किती पडझड झाली, कोठे जमीन खचली, कोठे वाळू उसळली, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि १९३९ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाच्या खाली रेटला जातो, हे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. ते १९६० नंतरच्या दशकात, समुद्रतळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लागल्यावर मिळाले. पण आधीच्या नोंदी वाया गेल्या नाहीत. ज्या परिषदांनी वेगेनरला हसून बाजूला सारले होते, त्यांनाच पुराव्यापुढे मान तुकवावी लागली, आणि त्यासाठी कोणालाही सुळावर जावे लागले नाही.

आपल्या महाराष्ट्राने तर विज्ञानाच्या चुकीची किंमत स्वतः मोजली आहे. दख्खनचे पठार हा अतिप्राचीन, स्थिर भूभाग. येथे मोठा भूकंप संभवत नाही, अशी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कोसळले आणि पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. नव्याने भरलेल्या जलाशयाचा या भूकंपाशी संबंध आहे काय, यावर शास्त्रज्ञांत तीव्र वाद झाला. धरण बांधणाऱ्यांना ते अनुमान गैरसोयीचे होते. तरीही मोजमापे साठत गेली. कोयना हे आज जलाशयाने प्रेरित झालेल्या भूकंपाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून जगभर अभ्यासले जाते आणि त्याचा उगम समजून घेण्यासाठी तेथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल विवरही खणण्यात आले.

त्यानंतर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन करून गावे झोपली असताना लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे घरांखाली गाडली गेली. हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता! आदल्या वर्षी त्या परिसराला धक्के जाणवलेही होते. पण पुढे काय वाढून ठेवले आहे हे कोणालाही सांगता आले नाही. आजही भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही आणि भूकंपशास्त्र ते उघडपणे कबूल करते.

मग फरक तो काय? फरक पुढे काय झाले यात आहे. माणसे नेमकी कशाने मेली, हे तपासले गेले. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीच्या जाड थराचे माळवद, हे ओझे अंगावर आले होते. लाकडी खणांचा सांगाडा असलेल्या अनेक घरांत भिंती पडल्या तरी छत तगले. कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्या कमी जीवघेण्या ठरल्या. यावरून पुनर्वसनातील घरबांधणीचे निकष ठरले. २००२ साली भारतीय मानक ब्यूरोने आपल्या संहितेतील नकाशा बदलला, सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द केला आणि किल्लारीचा परिसर वरच्या पट्ट्यात नेला. म्हणजे चूक झाली, ती चूक म्हणून नोंदली गेली आणि तिच्यामुळे पुढचे ज्ञान सुधारले.

भूकंप पापाची शिक्षा असतो, हे मत अशा रीतीने कधी सुधारता येईल काय? विसर्जन आटोपून निजलेल्या भाविकांवर घर कोसळले, हा त्या मताविरुद्धचा पुरावा मानला जाईल काय? नाही. पूर्वजन्मीचे संचित, ईश्वराची अगम्य लीला, भक्ताची परीक्षा यांपैकी एक उत्तर तयारच असते. कोणत्याही घटनेने जे खोटे पडू शकत नाही, त्याला घटनांविषयी काही सांगावयाचेच नसते.

ज्यांना आपला विषय विज्ञान आहे असे म्हणावयाचे असेल त्यांनी तपासणीला उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची अशी तपासणी केली. बुद्धिमान मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील हे ओळखावयास सांगितले. शेवटपर्यंत टिकलेल्या २७ ज्योतिषांपैकी प्रत्येकाने ४० कुंडल्या पाहिल्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडवून याहून वाईट उत्तरे आली नसती. तरीही त्याच ज्योतिषाचा अभ्यासक्रम विद्यापीठांत सुरू करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली घेतला होता आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

समेटाच्या कलमांची छाननी

आता समेटाच्या कलमांकडे वळू. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९९७ साली ते सर्वांत नेटकेपणाने मांडले. वस्तुस्थिती हे विज्ञानाचे क्षेत्र, मूल्ये आणि जीवनाचा अर्थ हे धर्माचे क्षेत्र. दोघांनी एकमेकांच्या कुंपणात शिरू नये. यातील पहिला अर्धा भाग मान्य व्हावा. विज्ञान ‘काय आहे’ ते सांगते. ‘काय असावे’ ते केवळ त्यातून निघत नाही. अणुबाँब कसा बनतो हे भौतिकी सांगते, तो टाकू नये हे सांगत नाही. येथे विज्ञानाची सत्ता संपते, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

पण विज्ञानाची सत्ता संपते म्हणून तेथे ईश्वरविद्येची सुरू होते, हे कोणी ठरवले? अस्पृश्यतेचा प्रश्न मूल्याचाच होता. त्यावर शास्त्रांनी काय उत्तर दिले? गांधीजींनी त्यांचा आधार अस्पृश्यतेविरुद्ध घेतला, सनातनी पंडितांनी तिच्या बाजूने घेतला, आणि पाठांतराच्या बळावर पाहिले तर पंडितांची बाजू कमी भक्कम नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नेमके हेच सांगितले. लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर शास्त्र पवित्र आहे अशी त्यांची खात्री आहे म्हणून. तेव्हा त्या प्रामाण्यावरच घाव घातला पाहिजे. ज्ञानमीमांसेचा हा कोरडा वाटणारा प्रश्न कोट्यवधी माणसांच्या पाण्याशी आणि अन्नाशी जोडलेला होता. कोणते शास्त्रवचन मानावे आणि कोणते टाकावे हे शेवटी माणसाची न्यायबुद्धीच ठरवते. मग मूल्यांचा उगम तीच आहे हे सरळ का मान्य करू नये?

धर्मही स्वतःला सुधारतो, असे म्हटले जाते. १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरवणाऱ्या चर्चने १९९२ साली, म्हणजे ३५९ वर्षांनी, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या तोंडून त्या चुकीची कबुली दिली. ही कबुली स्वागतार्हच आहे. परंतु पृथ्वी फिरते हे चर्चला प्रार्थनेतून कळले नाही. ते दुर्बिणीतून आणि गणितातून आलेल्या ज्ञानापुढे हार मानल्यामुळे कळले. सुधारणा झाली, पण तिचे साधन बाहेरून आले.

तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप संतांच्या अनुभवाचा आहे. तो अनुभव खोटा आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. भक्ताला आलेली शांती, ‘मी’ विरघळून गेल्याची जाणीव, तिच्यातून उपजलेली करुणा या माणसाच्या मनातील सत्य घटना आहेत. प्रश्न अनुभवाचा नाही, त्याच्या अर्थाचा आहे. वारकऱ्याला तेथे विठ्ठल भेटतो, सूफीला अल्ला, ख्रिस्ती जोगिणीला येशू. आणि बौद्ध भिक्षूला ईश्वर तर नाहीच, पण आत्माही भेटत नाही. अनुभव खरा मानूनही त्यावरून जगाच्या रचनेविषयी काढलेले हे चारही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

महाराष्ट्राला या बाबतीत एक मोठा वाटाड्या लाभला होता. जोतीराव फुले नास्तिक नव्हते. निर्मिकावर त्यांचा विश्वास होता. परंतु त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात कोणताही ग्रंथ ईश्वराने रचलेला असल्याचा दावा त्यांनी मानला नाही. श्रद्धा ठेवावी, पण तिच्या नावाने दुसऱ्यावर हुकूमत गाजवण्याचा परवाना मागू नये, हा त्याचा अर्थ आहे. अशा श्रद्धेशी समाजवाद्याचे भांडण असण्याचे कारण नाही.

आपल्या घरातील पोथ्या

हे सर्व दुसऱ्यांना ऐकवून आपण मोकळे झालो तर तो अप्रामाणिकपणा ठरेल. ईश्वराशिवायही ईश्वरविद्या असू शकते. सोव्हिएत रशियात ऑगस्ट १९४८ मध्ये लायसेंकोचे मत हेच अधिकृत जीवशास्त्र ठरवले गेले आणि आनुवंशिकताशास्त्र बूर्झ्वा म्हणून बाद झाले. त्याआधीच, १९४० साली अटक झालेला, जगभरची बियाणी गोळा करणारा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावला होता. तेथे पोप नव्हता, शंकराचार्य नव्हता; पण प्रश्न विचारण्याची बंदी होती आणि ग्रंथाचे प्रामाण्य होते. गव्हाने मात्र मध्यवर्ती समितीचा ठराव मानला नाही.

दुसऱ्या टोकालाही पोथी आहेच. बाजार स्वतःला सावरतो, हे वचन माझ्या विषयातील अनेक विद्वानांनी श्रुतीसारखे जपले. २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर इंग्लंडच्या राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विचारले की, हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? प्रश्न साधा होता. उत्तर देताना तज्ज्ञांची तारांबळ उडाली. बाजार कोसळला की सरकारने हस्तक्षेप केला म्हणून कोसळला, आणि सावरला की बाजाराच्या अंगच्या गुणाने सावरला, असे म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ आणि भूकंपात पाप शोधणारा पुरोहित यांच्यात पद्धतीचा भेद नाही.

तेव्हा विभागणी वैज्ञानिक आणि धार्मिक अशा दोन जातींच्या माणसांत करावयाची नाही. ती दावा करण्याच्या दोन रीतींत करावयाची आहे. चूक दाखवून देणाऱ्याचे एक रीत आभार मानते, निदान नाइलाजाने का होईना त्याचे ऐकते. दुसरी त्याला पाखंडी ठरवते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१९७६ साली, आपल्यापैकी अनेक जण तुरुंगात असताना झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. आणीबाणीतील त्या दुरुस्तीत जे थोडे टिकवण्यासारखे होते, त्यात हे कलम येते. पण ज्या देशात हे कर्तव्य संविधानात आहे, तेथेच दहावीच्या विज्ञानाच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ साली वगळलेला आढळतो. प्रश्न विचारणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. २०१५ साली कॉम्रेड गोविंद पानसरे आणि प्रा. कलबुर्गी यांच्याही वाट्याला तेच आले. त्याच २०१३ साली महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदा कोणाच्या पूजेला, वारीला किंवा प्रार्थनेला हात लावत नाही. फसवणूक आणि अघोरी कृत्य एवढ्यांनाच तो शिक्षा करतो. हा भेद गावोगावी समजावून सांगणे हे आपले काम आहे.

ते करताना दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले, श्रद्धाळू माणसाची टवाळी करावयाची नाही. ज्याच्या दुखण्यावर दवाखाना नाही, पिकावर विमा नाही आणि म्हातारपणी पेन्शन नाही, त्याला भगताकडे जाताना हसणे सोपे आहे. दवाखाना आणणे कठीण आहे. दुसरे, मने राखण्यासाठी खोटा समेट करावयाचा नाही. ‘तुमचेही ज्ञान, आमचेही ज्ञान’ असे म्हणणे ही सहिष्णुता नसून श्रोत्याला वादाच्या लायकीचा न समजणे आहे. रवींद्रनाथांनी गांधीजींना तसे गोंजारले नाही. त्यांना मान देऊनच त्यांनी विरोध केला.

समाजवाद्यांसाठी हा प्रश्न दुय्यम नाही याचे कारण शेवटी राजकीय आहे. काही निवडक माणसांनाच ज्याचा उगम ठाऊक आहे आणि बाकीच्यांनी जे केवळ ऐकून मानावयाचे आहे, असे ज्ञान एकदा मान्य केले की समतेच्या गोष्टी पोकळ ठरतात. कारण ज्याच्या हाती प्रामाण्य त्याच्या हाती सत्ता. किल्लारीत घराची भिंत का पडली, हे शेतमजुराला समजावून देता येते, त्याला स्वतः तपासता येते, आणि उद्या त्याचे नवे घर निकषाप्रमाणे बांधले नाही तर कंत्राटदाराला जाब विचारता येतो. ती भिंत त्याच्या पापामुळे पडली असे सांगितले, तर त्याच्याजवळ जाब विचारायला कोणीच उरत नाही. उरते ती फक्त स्वतःची मान खाली घालणे. आपल्याला त्या माणसाच्या हाती कोणते ज्ञान द्यावयाचे आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने ठरवावे.